घळीतला राणी रंगाचा ठिपका

“यातलं शहाणं कोणतं?” चंद्रकलाताईंनी विचारलं.

टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी होते. डावीकडचा विलासचा: काचेची पेटी, आत निळे दिवे, आवाज जवळजवळ नाहीच. उजवीकडचा माझा: लांबट, चपटा पत्र्याचा खोका, पीठगिरणीसारखा घोंघावणारा. त्या घोंघाटामुळे त्यांना प्रश्न दोनदा विचारावा लागला.

“शहाणे दोन्ही आहेत,” मी म्हटलं, “शहाणपणाची जात वेगळी आहे.”

हे माझं गिऱ्हाइकांसाठीचं ठरलेलं उत्तर. ते तोंडातून गेलं आणि मलाच कसंसं झालं. समोर उभी असलेली बाई गिऱ्हाईक नव्हती. तिची आई कालपासून डोंगरात हरवली होती.

संगमनेरला पंपांच्या दुकानावर आमचं कार्यालय होतं. विलास आरोटे आणि मी पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. पुढे दोघांनी मिळून जमीन मोजणीचं काम सुरू केलं. ड्रोन उडवायचा, हजारो फोटो काढायचे आणि ते जोडून शेताचा, कालव्याचा, गावठाणाचा नकाशा करायचा. उडवण्याचं काम विलासचं, कॉम्प्युटरवरचं माझं. त्या दिवशी सकाळी पोलिसांनी विलासला बोलावून घेतलं, ते याच ड्रोनमुळे.

हरवलेल्या बाईंचं नाव ठकूबाई डगळे. अकोले तालुक्यात पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ वाकणवाडी म्हणून वस्ती आहे, तिथल्या. उन्हाळ्यात त्या भागातली माणसं जंगलात हिरडा गोळा करायला जातात, तशा त्याही आदल्या दिवशी सकाळी पिशवी आणि कोयता घेऊन एकट्याच गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या नाहीत. वस्तीतल्या माणसांनी रात्रभर हाका मारल्या. सकाळी वनखात्याची माणसं आली, डोंगरात फिरणारी दोन-चार पोरं मदतीला आली, आणि विलास ड्रोन घेऊन पोचला. त्याने बॅटऱ्या संपेपर्यंत डोंगराच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले. एका बाजूला पठार, दुसऱ्या बाजूला खोल घळ. उन्हात हातातल्या छोट्या पडद्यावर त्याला काहीच धड दिसेना. वस्तीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्याने फोटोंची कार्डं ठकूबाईंच्या मुलीबरोबर जीपने माझ्याकडे पाठवली आणि स्वतः खिंडीत थांबला. त्या सगळ्या डोंगरात फोन लागायचा तो तेवढ्या खिंडीतच.

चंद्रकला कोंडार अकोले आगारात कंडक्टर होत्या. ड्युटीवरून तशाच डोंगरावर गेल्या असाव्यात, कारण अंगावर खाकी गणवेश होता आणि गुडघ्यापर्यंत धूळ. रडत नव्हत्या. बसा म्हटलं तर बसतही नव्हत्या.

“आईंनी नेसलंय काय?” मी विचारलं.

“राणी रंगाचं लुगडं. दिवाळीला मीच घेतलं होतं. सकाळी घरात पाहिलं, दांडीवर नाही, पेटीत नाही. म्हणजे तेच नेसून गेलीय.”

माझ्या जिवात जरा जीव आला. उन्हाळ्यात त्या डोंगरावर सगळं पिवळं, तपकिरी नाहीतर करडं असतं. पळसाचा लाल असतो, पण तो शेंदरी अंगाचा. राणी रंग तिथे कुठून येणार? शेतात आम्ही खुणेसाठी रंगीत कापडं अंथरतो, ती फोटोत आपोआप शोधायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक फोटो उघडायचा, लहान करायचा, त्यात ठरावीक रंग आहे का बघायचं, असला तर तेवढा तुकडा कापून पडद्यावर ठेवायचा. रंग तेवढा बदलायचा होता.

तो बदलला, आणि मग अडले. चालवायचा कशावर?

या दोन यंत्रांवरून विलासचं आणि माझं महिनाभर चाललं होतं. कामं वाढली होती, तिसरं यंत्र घ्यायचं होतं, आणि ते कोणत्या जातीचं घ्यायचं यावर एकमत होत नव्हतं. विलासच्या पेटीत साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर होता. त्याला कोअर, म्हणजे आत काम करणारे हात, थोडे, पण एकेक कोअर चपळ. माझा खोका म्हणजे एका बँकेने काढून टाकलेला जुना सर्व्हर. त्यात दोन प्रोसेसर, कोअर तिपटीहून जास्त, पण एकेक कोअर संथ. सगळे मिळून मात्र ढीगभर काम उपसायचे. शिवाय सर्व्हरच्या प्रोसेसरबरोबर जी मेमरी चालते ती स्वतःची चूक पकडते. साध्या मेमरीत एखादा अंक उलटला तर कोणालाच पत्ता लागत नाही. ही मेमरी ओळखते आणि जागच्या जागी दुरुस्त करते. माझा सगळा भर यावर.

“इतक्या वर्षांत तुझा कधी अंक उलटला?” विलास विचारायचा.

“उलटला तरी कळणार कसं?”

“मग काळजी कशाला करतेस?”

असं आमचं भांडण. त्यात मजाही होती. पण त्या दुपारी फोन करून विचारायला गेले तर तो म्हणाला, “सुवर्णा, तुला जे वाटतं ते कर. मला इथून काही सांगता येत नाही.” आणि पहिल्यांदाच मला वाटलं, याने भांडायला हवं होतं.

शेवटी मी सगळे फोटो दोन्ही यंत्रांत घातले. आधी सांगेल ते आपलं. चंद्रकलाताईंनी शहाणं कोणतं म्हणून विचारलं ते यानंतर.

डाव्या यंत्राने सुरुवात झाल्या झाल्या धाव घेतली. पडद्यावरची पट्टी सरसर पुढे जायला लागली. उजव्याची पट्टी हलेचना. मी प्रोग्राम पुन्हा पाहिला. काही चुकलेलं नव्हतं.

“हा मोठा का मागं?” चंद्रकलाताई म्हणाल्या.

“पहिल्यांदा एकेका फोटोची जागा आणि वेळ वाचायची असते. ते काम एकाच कोअरने करायचं असतं, वाटून देता येत नाही. आणि याचा एकटा कोअर हळू आहे. एकदा फोटो वाटून दिले की सगळे मिळून भराभर करतील.”

त्या जरा विचारात पडल्या. “म्हणजे लावणीला बायका आल्यात पुष्कळ, पण रोपं उपटणारी एकटीच.”

“तसंच.”

“मग त्या बाकीच्या बायका नुसत्या बांधावर बसल्यात.”

“हो.”

“आणि माझी आई तिकडं उन्हात.”

सर्व्हरचं काम थांबवावं आणि गप विलासच्या यंत्रावर भरवसा ठेवावा असं एकदा वाटलं. थांबवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. थांबवून तरी काय मिळणार होतं? डावं यंत्र त्याने जास्त वेगाने चालणार नव्हतं. पण डोकं असं झालं होतं की साधी गोष्टही पुन्हा पुन्हा तपासून बघावी लागत होती.

तेवढ्यात विलासचा फोन आला.

“निघालं काही?”

“अजून नाही.”

“ऐक. माणसं थकलीत. दिवस मावळायच्या आत आता एकच बाजू होईल. पठारावर जाऊ म्हणतात सगळे, हिरड्याची झाडं तिकडंच जास्त आहेत. घळीत कोणी जात नाही, गेल्या पावसाळ्यात दरड पडल्यापासून तिकडची वाट मोडलीय. तू काही सांगणार असशील तर आत्ता सांग, नाहीतर आम्ही पठाराला लागतो.”

“थोडं थांब.”

“थांबतो. पण फार नाही.”

फोन ठेवते न ठेवते तोच डाव्या यंत्राने टिंग केलं. पडद्याच्या कोपऱ्यात कापलेला एक तुकडा आला होता. करडे खडक, वाळलेली झुडपं, आणि खडकांच्या मधोमध राणी रंगाचा लहानसा ठिपका. कडा तुटक, पण रंगाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. मी जागा पाहिली. घळ.

चंद्रकलाताई माझ्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून वाकल्या. “तेच,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, “हलत तर नाही ना?”

“फोटो आहे, ताई. फोटोत कसं हलेल?”

“हो, फोटो आहे,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

मी विलासला फोन लावला. ठिपका घळीत आहे म्हटलं, जागा सांगितली.

“घळीत कशाला जाईल म्हातारी? खात्री आहे तुझी?”

“तुकडा समोर आहे माझ्या. राणी रंग आहे.”

“बघ हं. खाली उतरलो की मला फोन लागायचा नाही. आणि तिकडून वर येऊन पुन्हा पठारावर जायला दिवस पुरणार नाही.”

“विलास, तिथे राणी रंग आहे.”

“बरं,” तो म्हणाला. मागे माणसांची कुजबुज ऐकू आली, कोणीतरी नको म्हणत होतं. मग फोन बंद झाला.

मी चंद्रकलाताईंना पाणी दिलं, स्वतः प्यायले. उजव्या यंत्राची पट्टी तोपर्यंत हलायला लागली होती, आणि हलायला लागली ती अशी की बघता बघता डाव्याच्या पुढे गेली. सगळे कोअर कामाला लागल्यावर त्याचा घोंघाट आणखी वाढला. एरवी मी खूश झाले असते. विलासला बोलावून दाखवलं असतं. आता मी नुसती त्याच्या पडद्याकडे बघत होते, कधी एकदा घळीतल्या त्या फोटोपाशी पोचतो आणि टिंग करतो म्हणून.

तो त्या फोटोपाशी पोचला. आणि पुढे गेला.

मला वाटलं, पाहण्यात चूक झाली. यादी मागे नेऊन पाहिलं. तोच फोटो, तोच क्रमांक, आणि पुढे लिहिलेलं: काही नाही.

मग मी एकामागून एक गोष्टी तपासत सुटले. दोन्हीकडे प्रोग्राम एकच होता का? होता. रंग तोच दिला होता का? दिला होता. कार्डावरून उतरवताना फोटो खराब झाला का? नव्हता. शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं; मूळ फोटो उघडला आणि मोठा करत करत त्या खडकांपर्यंत गेले. करडे खडक होते. वाळलेली झुडपं होती. मधोमध काहीही नव्हतं.

मी डाव्या यंत्राकडे वळले. तेवढा एकच फोटो त्याच प्रोग्रामला पुन्हा दिला. डावं यंत्र क्षणात म्हणालं: काही नाही.

त्याच यंत्राने, त्याच फोटोत, मघाशी राणी रंग पाहिला होता. तो कापलेला तुकडा अजून पडद्याच्या कोपऱ्यात होता. मी एकदा तुकड्याकडे बघत होते, एकदा फोटोकडे. मला खरंच काही समजेनासं झालं होतं. आपल्याला भास होतोय का, इथपर्यंत विचार गेला. तुकड्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवून मी चंद्रकलाताईंना विचारलं, “तुम्हाला दिसतोय ना हा?”

“दिसतोय की,” त्या म्हणाल्या. “का?”

“आणि या फोटोत?”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. “इथं नाही.”

मग ती मेमरी आठवली. साध्या मेमरीत अंक उलटला तर कोणालाच पत्ता लागत नाही, हे मीच महिनाभर विलासच्या कानीकपाळी ओरडत होते. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, दुपारभर पूर्ण जोराने चाललेलं यंत्र. मेमरीच्या एखाद्या कोपऱ्यात थोडे अंक उलटले असतील, करड्याचा राणी झाला असेल, आणि पुन्हा चालवताना फोटो मेमरीत दुसऱ्या जागी बसला असेल. असं होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि माणसं घळीत उतरत होती.

मी फोन उचलला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

आणि तेव्हाच उजव्या यंत्राने टिंग केलं.

पठाराचा फोटो. मी तुकडा बघितलाच नाही, सरळ मूळ फोटो उघडला. पठाराच्या काठाला एक मोठा दगड, आणि त्याला लागून राणी रंगाचं कापड. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, कापडाच्या चुण्यासुद्धा. लगोलग तोच फोटो डाव्या यंत्राला दिला. त्यालाही दिसलं. म्हणजे हे खरं होतं.

चंद्रकलाताई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना अर्धं समजलं होतं. उरलेलं सांगणं भाग होतं, आणि गोल गोल बोलून उपयोग नव्हता.

“ताई, घळीतला ठिपका खोटा होता. डाव्या यंत्राच्या मेमरीत बिघाड झाला. तिथे काही नाही. खरं कापड इथे आहे, पठारावर.”

“माणसं तर घळीत गेली.”

“हो.”

“फोन लावा.”

“लागत नाही. खाली उतरलेत.”

त्या पडद्यावरच्या त्या दगडाकडे बघत राहिल्या. “तुमचा भरवसा यातल्या कशावर होता? पहिल्यापासून?”

“सर्व्हरवर.”

“मग त्याला बोलू का नाही दिलं?”

“तो मागे होता, ताई. हा आधी बोलला.”

त्यांनी मान हलवली, जणू रोजच्या गर्दीत कोणीतरी पैसे न देता उतरून गेला असावा, आणि आता त्याच्या मागे पळण्यात अर्थ नव्हता. त्या शांतपणानेच मला जास्त भीती वाटली. मी पोलीस ठाण्याला फोन केला. तिथल्या हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस मोटारसायकलवरून पाठवतो म्हणाला, पण पठाराच्या पायथ्यालाच पोचायला तासभर, आणि पुढे चढण. अंधाराच्या आत होईल असं वाटत नाही, असंही म्हणाला. प्रामाणिक माणूस होता.

त्यानंतर आम्हाला करण्यासारखं काही उरलं नाही. मी दोन्ही यंत्रं बंद केली. खोलीत एकदम शांतता झाली आणि खालच्या दुकानातली बोलणी ऐकू यायला लागली. कोणीतरी पंपाची गॅरंटी विचारत होतं. चंद्रकलाताई खिडकीशी गेल्या.

“तिला तहान सोसत नाही,” त्या म्हणाल्या. “एरवी काहीही सोसते.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. धीर देण्याची माझी लायकी नव्हती, आणि त्यांनी तो मागितलाही नाही. मधूनमधून त्या वळून बंद पडद्यांकडे बघायच्या आणि पुन्हा बाहेर. एकदा म्हणाल्या, “तुम्ही माझ्यापासून लपवून ठेवलं असतं तरी मला कळलं नसतं.” मी म्हटलं, “लपवायचं काय त्यात.”

दिवस कलला. समोरच्या इमारतीवरचं ऊन उतरत गेलं. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा विलासचा फोन आला. नाव बघूनही मला उचलवेना. चंद्रकलाताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“सापडल्या,” विलास म्हणाला. त्याला धाप लागली होती. “जिवंत आहेत. पाय मोडलाय, बोलताहेत. झोळी करून वर आणल्या. आता खाली न्यायचं.”

चंद्रकलाताईंनी टेबलाची कड धरली. मी विचारलं, “पठारावर?”

“पठारावर कशाला? घळीत. तूच सांगितलंस ना?”

“ठिपक्यापाशी?”

“ठिपका कुठला! तिथवर पोचलोच नाही आम्ही. पाऊण घळ उतरलो असू. वरून झाडीतून काही दिसत नव्हतं. आपसात बोलत चाललो होतो की इथून कुठून उतरायचं, तर खालच्या कपारीतून आवाज आला, कोण हाये म्हणून. जांभळीच्या झाडाखाली, खडकाच्या पोटात बसल्या होत्या. वरून शंभरदा ड्रोन फिरवला असता तरी दिसल्या नसत्या.”

मला पुढचा प्रश्न कसा सुचला, माहीत नाही. “नेसल्यात काय त्या?”

“काय?”

“लुगडं कोणत्या रंगाचं आहे?”

“हे काय विचारतेस आत्ता?” पण त्याने कोणाला तरी विचारलं असावं. “हिरवं होतं म्हणतात कधीकाळी. आता मातीसारखं आहे. का गं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “आण त्यांना.”

चंद्रकलाताई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मग गणवेशाच्या बाहीने तोंड पुसून म्हणाल्या, “मला नीट सांगा, ताई. तिथं काही नव्हतं. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि ती हिरव्यात होती.”

“हो.”

“मग हे काय झालं?”



पुढचे दोन दिवस विलास आणि मी त्याच्या यंत्राची मेमरी तपासत होतो. तपासणीत एका पट्टीत दोष निघाला. यंत्र तापलं की ठरावीक जागचे अंक उलटायचे. विलासने पट्टी काढून हातात धरली आणि उलटसुलट करून पाहिली.

“म्हणजे तू जिंकलीस,” तो म्हणाला. “नवीन यंत्र सर्व्हरच्या प्रोसेसरचंच घेऊ.”

“घेऊ.”

“त्या दिवशी तसलं असतं तर?”

“तर तुम्ही पठारावर गेला असता.”

“आणि म्हातारी?”

“दुसरी रात्र निघाली नसती, असं डॉक्टर म्हणाले.”

तो पट्टीकडे बघतच होता. “तरी सर्व्हरचंच घ्यायचं ना?”

“तरी सर्व्हरचंच,” मी म्हटलं. आणि आम्ही घेतलंही. आता बरीच वर्षं झाली. लोक मला कोणता प्रोसेसर घेऊ म्हणून विचारतात, तेव्हा मी काम विचारते आणि सांगते. थोडकं, चपळाईचं काम असेल तर डेस्कटॉपचा. दिवसरात्र चालणारं, एकही चूक न खपणारं काम असेल तर सर्व्हरचा. यात माझं काही चुकत नाही.

ठकूबाईंना संगमनेरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पायाला प्लास्टर झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. चंद्रकलाताई खाटेजवळ बसून मोसंबी सोलत होत्या. ठकूबाई लहानखुऱ्या, काळ्यासावळ्या, डोळे बारीक करून बोलणाऱ्या. घळीत हिरड्याचं एक चांगलं झाड होतं, कोणाला ठाऊक नव्हतं ते. मोडल्या वाटेने त्याच्याकडे जाताना पाय घसरला, असं त्यांनी सांगितलं. हाका मारून घसा बसला होता, म्हणून माणसं जवळ येईपर्यंत त्या गप्प बसून राहिल्या होत्या.

“राणी लुगडं कुठाय तुझं?” चंद्रकलाताईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी माझ्यासमोर विचारायचा म्हणून ठेवला होता असं वाटलं.

ठकूबाईंनी भिंतीकडे बघितलं. “करवंदीत फाटलं गं. नवं लुगडं, तू रागावशील म्हून बोलले न्हाई. निम्मं वाघोबाच्या दगडाला नेसवलं, पठारावं. निम्मं गोधडीला ठेवलंय.”

“कधी?”

“झाला असंल महिना.”

चंद्रकलाताईंनी माझ्याकडे बघितलं. मग मोसंबीची फोड आईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “या सुवर्णाताई. यांच्या कॉम्प्युटरनं माणसं घळीत पाठवली.”

“असं का?” ठकूबाईंनी फोड तोंडात न घालता तशीच हातात धरली. “काय दिसलं त्याला?”

मुलीला सांगितलं तसंच त्यांनाही सांगावं असं मला वाटलं. “खरं सांगू का, आजी? त्याला दिसलं ते खोटं होतं. बिघाड झाला होता त्यात. तुम्ही वर कपारीत होता आणि त्याने खालचे खडक दाखवले. तुम्ही राणी लुगड्यात नव्हता, आणि त्याने राणी रंग दाखवला. त्या घळीत त्याला दिसायला काहीच नव्हतं.”

ठकूबाईंनी मान जराशी तिरपी करून माझ्याकडे पाहिलं. बाईला काही कळतं की नाही असं त्यांच्या मनात आलं असावं, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

“मी व्हते ना,” त्या म्हणाल्या.